लूना कोल्हापुरात उतरली तर दाखवणार काय? तांबडा-पांढराच ना?

उत्तरेश्वरची सून

मुलगी साडेचार वर्षांची आहे. जेवताना 'लेट्स गो लूना' बघते. (जेवताना स्क्रीन, माहितीय, ओरडू नका.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या पीबीएस किड्सची २०१८ ची मालिका, जो मरे यांनी काढलेली. ऑस्ट्रेलियाचा वॉम्बॅट लिओ, अमेरिकेचा बेडूक अँडी आणि मेक्सिकोचं फुलपाखरू कार्मेन अशी तीन पोरं. आईबाप सर्कशीत, त्यामुळं देशोदेशी फिरती. आणि चंद्र खाली उतरून त्यांना ते ते शहर दाखवतो. दाखवते म्हणायला हवं, कारण हा आपला चांदोमामा नव्हे, लूना बाई आहे. अकरा-अकरा मिनिटांच्या गोष्टी. आरडाओरडा नाही, हाणामारी नाही. मला स्वतःला आवडायची.

गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐका. सासूबाई नऊवारी नेसून शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आजी, तू कुठल्या देशाची?"

सासूबाई म्हणाल्या, "मी? मी बावड्यासनं आलो बघ."

आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र मला ते टोचत राहिलं. पोरीच्या डोक्यात गणित पक्कं बसलंय: वेगळं लुगडं दिसलं की वेगळा देश. प्रत्येक शहरात गेलं की एक पदार्थ, एक वाद्य, एक सण, एक टोपी. उद्या लूना कोल्हापुरात उतरली तर काय दाखवेल? तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल, लाल मातीतली कुस्ती आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध. म्हैस नाचवली तर कळस. पण आमच्या सासूबाई 'मी आलो', 'मी बसलो' म्हणतात, हे येईल त्यात? मी मूळची नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, स्वयंपाकघरात पुरुष कोण आलाय! माझ्यासाठी कोल्हापूर म्हणजे ते. रस्सा काय, नाशकातल्या हॉटेलातही मिळतो.

माझं म्हणणं सरळ आहे. असले कार्यक्रम मुलांना संस्कृती शिकवत नाहीत, स्टॉल मांडून दाखवतात. तुम्हाला काय वाटतं?

शिरोळ नाका

"बावड्यासनं आलो बघ" 😂😂 आजी एक नंबर.

बालवाडीची ताई

ताई, मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. रागावू नका, पण बावीस वर्षं बालवाडीत काढली आहेत म्हणून बोलते.

साडेचार वर्षांचं मूल जे दिसतं त्यावरूनच जग लावतं. आधी रंग, कपडा, खाऊ, आवाज. 'मी आलो' मधलं पुल्लिंग त्याला ऐकू येतं, पण त्यात काही वेगळं आहे हे कळायला दुसरं काहीतरी ऐकलेलं असावं लागतं. तुम्हालाही ते नाशकाहून आलात म्हणूनच खटकलं ना? इथं जन्मलेल्या पोरीला काय खटकणार?

आमची शाळा शिरोली एमआयडीसीच्या बाजूला. फौंड्रीत काम करणाऱ्या बिहार-ओडिशाच्या लोकांची मुलं दरवर्षी येतात. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुलाच्या डब्यात लिट्टी होती. बाकीच्यांनी "शेण्या आणल्यात" म्हणून त्याला इतकं चिडवलं की दोन दिवस त्यानं डबाच उघडला नाही. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा असली एखादी गोष्ट दाखवते, कधी ही लूनाच. नंतर ज्याला जे ओळखीचं वाटलं ते त्यानं सांगायचं. यंदा परत एकाच्या डब्यात लिट्टी आली. एका मुलीनं वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं?" बस्स, एवढंच. चिडवण्यापासून 'हे कुठलं' पर्यंत यायला आमची वर्षं गेली. तुमच्या लेकीनं आजीला तोच प्रश्न विचारला, आणि तुम्ही रात्रभर जागलात.

उत्तरेश्वरची सून

ताई, लिट्टीचं पटलं. पण त्या मुलीनं विचारलं ते पाहुण्या खाऊबद्दल. माझ्या लेकीनं विचारलं ते रोज मांडीवर घेणाऱ्या आजीला. घरचं माणूस पाहुणं दिसायला लागलं, माझा मुद्दा तो आहे.

पाटाकडील

एवढं काय त्यात! आमच्या पेठेतल्या पोरांना ब्राझील-अर्जेंटिना कार्टूनशिवाय पाठ आहे. वर्ल्डकप आला की गल्लीत मेस्सी-नेमारचे कटआउट, दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. जगाची संस्कृती शिकायची तर शाहू स्टेडियमवर या 😎

चप्पल लाईन

मी चपलेच्या धंद्यातला. वडील जवाहरनगरात काम करायचे, आता मी दुकान बघतो. धागा वाचून दोन्हीकडनं बोलावंसं वाटतंय.

आधी सूनबाईंच्या विरोधात. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आमच्यासारखी चप्पल चालवली, आठवतंय? तेव्हा 'लेदर सँडल' एवढंच म्हणाले होते. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाव नाही. २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत, तरी. बोंबाबोंब झाल्यावर मग कबूल केलं. आता मला सांगा, मोठमोठ्या शिकलेल्या डिझायनरना जे सुचलं नाही ते ही पोरांची मालिका प्रत्येक भागात करते. वस्तू दाखवते आणि ती कुठली ते सांगते. ज्याचं त्याचं नाव घेते. स्टॉल तर स्टॉल, पण पाटी बरोबर लावलेला स्टॉल आहे. लहानपणी एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

आता बाजूनं. चप्पल दाखवतील, पण कातडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्या कुंडाचा वास अंगाला आठ-आठ दिवस जात नाही, ते कसं दाखवणार? आणि तो वास ज्यांच्या अंगाला यायचा त्यांना गावात कुठं बसू देत होते, ते? वडील सांगायचे, गिऱ्हाईक पैसे हातात द्यायचं नाही, फळीवर ठेवायचं. कापशी, पुकरी, बक्कलनळी, चपलेचा प्रत्येक प्रकार सगळ्यांना कौतुकाचा. बनवणारा नको. हे साडेचार वर्षांच्या पोराला दाखवा असं मी म्हणत नाही. पण आपण मोठी माणसं ही चप्पल 'आपली संस्कृती' म्हणून मिरवतो तेव्हा आपणही लूनाचाच एपिसोड करत असतो. अकरा मिनिटांचा.

शिरोळ नाका

दादा, शेवटची ओळ 🙏

पुण्यात अडकलेली

सगळे मालिकेत काय दाखवतात त्यावर भांडताय. कोणत्या भाषेत दाखवतात ते कोण बघणार? ही मालिका मराठीत मी तरी बघितलेली नाही. माझा मुलगा हिंदी कार्टूनवर वाढला. आजोळी कोल्हापूरला आला की "आजी, मुझे पानी चाहिए." आजी म्हणते, "हे कुणाचं लेकरू गं?"

आणि दुसऱ्यांनी आपलं चित्र काढलं की काय होतं तेही बघा. मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या तोंडावर, डिस्नेची 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' आली होती. जलपूर नावाचं काल्पनिक राज्य, एकोणिसाव्या शतकातल्या भारतावरून घेतलेलं. मिक्कू आणि चिक्कू नावाची मुंगसं फार गोड. घरात अडकलेल्या पोरांना मोठाच आधार होता तो, नाकारत नाही. पण अख्खा भारत एका वाड्यात बसवलेला. मुलानं विचारलं, "आई, जलपूर कोल्हापूरच्या जवळ आहे का?" मी म्हटलं सगळ्यांच्याच जवळ आहे बाळा, म्हणून तर कुठंच नाही. लूना निदान खऱ्या शहरांची नावं घेते.

संस्कार प्रथम

जगाची संस्कृती नंतर. आधी शुभंकरोती येतं का मुलांना? स्वतःचं माहीत नाही आणि मेक्सिकोचं कौतुक. ही असली खुळं शहरातच निघतात.

पाटाकडील

भावा, तू कुठल्या गावचा? हे शाहू महाराजांचं गाव आहे. १९०१ पासून इथं एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग. आपलं-परकं आम्हाला शिकवू नको. आणि शुभंकरोती येतं आमच्या पोरांना. अर्जेंटिनाच्या पेनल्टीच्या वेळी सगळ्यात मोठ्यानं म्हणतात.

वळिवड्याची नात

इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहितेच, थोडं लांबेल.

जगाची संस्कृती कोल्हापूरच्या मुलांनी बघायची म्हणजे स्क्रीनच लागतो, असं सगळे धरून चाललात. १९४३ मध्ये गावाबाहेर, वळिवड्याला, पोलंडचे निर्वासित आले. जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं सैबेरियाकडं हाकललेली, तिथनं इराणमार्गे भारतात आलेली. १९४८ पर्यंत इथं होती. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. ती गेली आणि त्याच छावणीत फाळणीनं हुसकलेले सिंधी आले. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा.

माझी आजी त्या वेळी आठ-नऊ वर्षांची. तिचे वडील छावणीत भाजी घालायचे, ही डोक्यावर पाटी घेऊन मागनं. तिच्याकडनं पोलंडबद्दल मी काय ऐकलं? पोलिश नाच नाही, पोशाख नाही. तिला आठवायचं ते असं: एक बाई रोज फक्त दोनच बटाटे घ्यायची, आणि ते घेताना हातात धरून बराच वेळ बघत राहायची. का, ते आजीला तेव्हा कळलं नाही. सैबेरियात भुकेनं माणसं गेली हे मीच तिला पुष्कळ वर्षांनी वाचून दाखवलं. तेव्हा ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली. आणि दुसरं एक सांगायची. त्या बाईची मुलगी हिच्याएवढीच होती, दोघी सागरगोटे खेळायच्या. भाषा एकमेकींची शून्य. हरलं की दोघी आपापल्या भाषेत चिडायच्या.

आता बालवाडीच्या ताईंना विचारते. हे कुठल्या मालिकेत बसेल? आणि सूनबाई, तुम्हालाही विचारते, कारण माझी आजीसुद्धा पहिल्या दिवशी घरी येऊन "पांढऱ्या केसांच्या पोरी आल्यात" एवढंच सांगत होती म्हणे. सोनेरी केस तिनं पहिल्यांदाच बघितलेले. म्हणजे सुरुवात केसांवरूनच झाली, कपड्यांवरूनच झाली. बटाटे नंतर दिसले, कारण ती रोज जात होती. फरक असलाच तर त्या रोज जाण्यात आहे. लूना अकरा मिनिटांत दुसऱ्या गावाला जाते.

(महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ च्या महापुरानंतर महिन्याभरातच छावणीत लहानपण गेलेले काही म्हातारे पोलिश लोक इथं येऊन गेले. आजी तेव्हा नव्हती.)

बालवाडीची ताई

दोनदा वाचलं. हे मालिकेत बसणार नाही, मान्य. पण माझ्या वर्गात सागरगोटे बसतील, उद्याच काढते. आणि एक मुद्दा सोडत नाही. तुमच्या आजीला वळिवड्याला जायला मिळालं. माझ्या वर्गातल्या सव्वीस मुलांना मी कुठल्या छावणीत नेऊ? ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी खिडकी तरी असू दे.

सदर बाजार

एवढं डोकं लावण्यापेक्षा टीव्ही बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ लाच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको.

उत्तरेश्वरची सून

अहो, बावीस मिनिटं बघते. उरलेली अडतीस तुम्ही घ्या.

चप्पल लाईन

😂

उत्तरेश्वरची सून

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. चप्पलदादांचा पाटीचा मुद्दा आणि वळिवड्याचे बटाटे दोन्ही डोक्यात राहिलेत, आणि दोन्हींचं आपसात जमत नाही. राहू देत तसेच. ताई, 'घरचं माणूस पाहुणं' यावर तुम्ही उत्तर दिलं नाहीत, हे मात्र लक्षात ठेवलंय.

रविवारी पोरीला महावीर उद्यानात नेलं. स्तंभापेक्षा तिला घसरगुंडी आवडली.

घरात मात्र नवीनच सुरू झालंय. तीन दिवस झाले, सासूबाई नातीशेजारी बसून लूना बघायला लागल्यात. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. काल सर्कशीचा तंबू दिसला तसं मला हाक मारली. "अगं, ह्यो एवढा तंबू उभा कोण करतंय? ही पोरं तर गावभर फिरायला लागल्यात." मला उत्तर सुचलं नाही. नात म्हणाली, "आजी, गप. बेडूक बोलतोय."

चप्पल लाईन

तंबू कोण बांधतंय! मी एवढं लांबलचक लिहिलं ते आजींनी एका वाक्यात विचारलं. त्यांना इथं धाग्यावर बोलवा की.

उत्तरेश्वरची सून

त्यांना टाईप करता येत नाही. थांबा, आत्ता शेंगा निवडायला बसल्यात, सांगतो त्यांना.