ऑडिओफाइल रेकॉर्ड्स पुन्हा पुन्हा लावाव्याशा वाटतात का?

रेकॉर्डवेडा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून विचारतोच. माझ्याकडे ऑडिओफाइल म्हणून, म्हणजे आवाजाच्या चोखंदळ शौकिनांसाठी, निघालेल्या रेकॉर्ड्स बऱ्यापैकी जमल्यात, हाफ स्पीड मास्टरिंगवाल्या (निम्म्या वेगाने कोरलेल्या), ४५ आरपीएमवाल्या (मिनिटाला ४५ फेऱ्या), काही डायरेक्ट टू डिस्क. आवाजाबद्दल तक्रार नाहीच, ड्रमवर ब्रश फिरतो तेव्हा त्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येतात, बासवाल्याचं बोट तारेवरून सरकलेलं कळतं. पण होतं काय की पहिली बाजू संपली की उठून दुसरी लावावी असं वाटतच नाही. आणि तिकडे माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू ही जॅझची रेकॉर्ड, माझी कॉपी चांगलीच खरखरते, पण ती कधीही लावली तरी शेवटपर्यंत ऐकली जाते. या रेकॉर्ड्समधल्या संगीतातच दम कमी असतो की आवाजाकडेच लक्ष देऊन देऊन मन थकतं? तुम्हाला काय वाटतं?

सुईधागा:
संगीतातच दम कमी असतो, निदान बऱ्याच ठिकाणी. आणि त्याला कारण आहे. डायरेक्ट टू डिस्कचंच बघा ना, शेफील्ड लॅबसारख्या लेबलांनी १९७० च्या दशकात हे परत आणलं, मधे टेप नाही, वाजवलं की थेट लॅकरवर, म्हणजे मूळ तबकडीवर, कोरलं जातं. म्हणजे अख्खी बाजू एका दमात वाजवायची, दोन गाण्यांमधली शांतता पण तिथल्या तिथेच धरायची, आणि शेवटच्या गाण्यात कोणी चुकलं की सगळं पहिल्यापासून. अशा वेळी जीव ओतून, धोका पत्करून कोण वाजवणार? सगळे सांभाळून वाजवतात आणि ते सांभाळणं ऐकू येतं. त्यातून लेबलं छोटी, मोठे कलाकार मोठ्या कंपन्यांशी बांधलेले.
पण त्याच शेफील्डची, ट्रम्पेटवाला बँडलीडर हॅरी जेम्सची १९७६ ची रेकॉर्ड ऐका. तो माणूस ७८ आरपीएमच्या काळात मोठा झालेला, तेव्हा टेप नव्हतीच, सगळं थेट तबकडीवर. त्याला त्या दडपणाचं काही वाटत नाही, बँड मस्त मोकळा वाजतो. तंत्र तेच, पण वाजवणाऱ्याच्या अंगात मुरलेलं.

मंद्रसप्तक:
सुईधागा, पटलं. मी त्यात एक भर घालतो. आज ज्या जुन्या रेकॉर्ड्सना ऑडिओफाइल लोक डोक्यावर घेतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी वाद्यवृंद ठरला आणि मग माइक. मर्क्युरी कंपनीने १९५१ मध्ये शिकागो सिंफनी आणि त्यांचा कंडक्टर कुबेलिक एकाच माइकवर रेकॉर्ड केले, आरसीए कंपनीने त्याच वाद्यवृंदाला कंडक्टर रायनरबरोबर १९५४ पासून स्टिरिओत घेतलं. रायनरची बार्टोकची कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा (१९५५) लावा, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) कुठलीही असो, माणूस हलत नाही जागचा.
उलट टेलार्क लेबलची १८१२ आठवा, चायकोव्स्कीची तोफांवाली रचना, १९७९ ची. तोफांच्या जागी ग्रूव्ह, म्हणजे रेकॉर्डवरच्या खाचा, असे वळलेत की नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि सुई टिकते की उडते हे बघायलाच लोक ती लावायचे. एकदा टिकली की झालं, मग ती रेकॉर्ड परत काढायची कशाला?

तानपुरा_ऑन:
माझं मत थोडं वेगळं आहे हं. चांगला आवाज हा संगीताच्या आड येतो असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. वॉटर लिली अकूस्टिक्स हे पक्कं ऑडिओफाइल लेबल, टेप अ‍ॅनालॉग (डिजिटल नाही), सगळी सामग्री जुन्या व्हॅक्यूम ट्यूबवाली. त्यांनी मोहनवीणावाले विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन स्लाइड गिटारवाला राय कूडर यांना एकत्र बसवलं, अ मीटिंग बाय द रिव्हर, १९९३ मध्ये आलं, पुढे ग्रॅमी पण मिळालं. दोघं आधी कधी एकत्र वाजवलेले नाहीत, त्यामुळे एकाने मींड घेतली की दुसरा क्षणभर थांबतो, ऐकतो आणि मग तिथूनच उचलतो. ते थांबणं, स्लाइड तारेवर टेकण्याआधीची ती जराशी घसट, हे सगळं त्या रेकॉर्डिंगमुळेच पोचतं. साध्या रेकॉर्डिंगमध्ये सूर ऐकू आले असते, पण त्यांचं एकमेकांना ऐकणं पोचलं नसतं. मी तर म्हणेन तिथे आवाज हाच संगीताचा भाग आहे.

बाजू_बी:
रेकॉर्डवेडा, तुम्ही काइंड ऑफ ब्लूचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९५९ च्या त्या सेशनमध्ये पहिल्या बाजूच्या गाण्यांच्या वेळी टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने लावल्यावर रेकॉर्डवर ती बाजू जराशी चढ्या पट्टीत वाजते, आणि हे नीट झालं थेट १९९२ च्या आवृत्तीत. तीसेक वर्षं जगभर लोकांनी चुकीच्या पट्टीत ती ऐकली आणि जीव लावला.
आता दुसरं टोक बघा. २०२२ मध्ये कळलं की मोबाइल फिडेलिटी या ऑडिओफाइल लेबलच्या ज्या रेकॉर्ड्स लोक पूर्ण अ‍ॅनालॉग समजत होते, त्यातल्या पुष्कळांच्या मास्टरिंगमध्ये डिजिटल टप्पा आहे. न सांगता केलं याचा राग आला, तो रास्तच आहे. पण आदल्या दिवशीपर्यंत जी रेकॉर्ड स्वर्ग वाटत होती ती दुसऱ्या दिवशी काहींना ऐकवेना, हे मला फार लागलं. त्यांना नक्की काय आवडत होतं मग?

रेकॉर्डवेडा:
सगळ्यांचे आभार, खूप मिळालं यातून. हॅरी जेम्स आणि भट्ट-कूडर दोन्ही शोधतो. मंद्रसप्तक, ती रायनरची बार्टोक ४५ वर मिळाली तर घ्यावी की ३३ च बरी?

मंद्रसप्तक:
३३ घ्या. ४५ वर तपशील जास्त मिळतो हे खरं, पण मग सारखं उठावं लागतं आणि पाच मूव्हमेंटची ती रचना तुकड्यातुकड्यात ऐकण्यात मजा नाही. ३३ वर एकदाच उठायचं. फक्त एक, शेवटची मूव्हमेंट जोरात आहे आणि येते आतल्या ग्रूव्हमध्ये, तिथे सुईखालून सेकंदाला वीसेक सेंटिमीटरच ग्रूव्ह जातो, बाहेरच्या कडेला पन्नास जातो. म्हणून रेकॉर्ड यायच्या आधी कार्ट्रिजचं अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे ती ग्रूव्हशी नीट कोनात बसवून घ्या, नाहीतर तिथे ब्रास फाटल्यासारखा वाजेल आणि तुम्ही उगाच प्रेसिंगला नावं ठेवाल.