मुंबई सिटी 2020-21: गुण सारखे, मग शील्ड आपल्याकडे कशी?

प्रश्न: इंडियन सुपर लीग (आयएसएल) फुटबॉलमध्ये 20 साखळी सामन्यांनंतर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, दोघांचे 40 गुण. शील्ड गोलफरकावर मिळाली का?

– नाही. गुण सारखे असले की आधी आपसातले सामने बघतात. जानेवारीत आपण 1-0 जिंकलो, 28 फेब्रुवारीला 2-0. त्या शेवटच्या सामन्याआधी आपले 37च होते, बागानला बरोबरीही पुरली असती! आपल्या मुर्तदा फॉलने 7व्या मिनिटाला हेडर मारला, 39व्याला ओगबेचेने दुसरा. प्रशिक्षक लोबेराच्या संघाचा सगळ्यात चोख विजय.

– गोलफरकातही आपणच वर होतो.

– शील्ड आणि ट्रॉफीत गल्लत नको. शील्ड साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची. एएफसी चॅम्पियन्स लीगची (आशियाई क्लबांच्या स्पर्धेची) जागा तिच्यावर मिळाली. ट्रॉफी 13 मार्चच्या फायनलची, पुन्हा बागानविरुद्धच, 2-1. आपल्या बिपिनचा विजयी गोल 90व्या मिनिटाला. सगळं गोव्यात, अंधेरीतल्या आपल्या घरच्या मैदानावर एकही सामना नाही, हे अजून सलतं.