एमएचडी जनित्रातले इलेक्ट्रोड: प्रवाह, धारा की करंट?

नौपाडा, ठाणे: एका विज्ञान मासिकासाठी एमएचडी (मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक) जनित्रावरचा, म्हणजे तापलेल्या वायूतून थेट वीज काढणाऱ्या यंत्रावरचा लेख मराठीत आणतेय. ‘इलेक्ट्रोडमधील प्रवाहाचे नियंत्रण’ असं लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला: कोणता प्रवाह, वायूचा की विजेचा? शिवाय तुकड्यातुकड्यांच्या इलेक्ट्रोडना ‘खंडित इलेक्ट्रोड’ आणि अ‍ॅनोडला ‘धनाग्र’ चालेल ना?

रबाळे: ताई, आम्ही कंट्रोल पॅनेल बनवतो. आमच्याकडे सगळे करंटच म्हणतात. ‘धारा’ म्हटलं की पोरं आभाळाकडे बघतात.

वाशी: संपादकांचा शेरा रास्त आहे. या यंत्रात वाहणाऱ्या गोष्टी दोन. पोटॅशियमचा क्षार मिसळलेला, 2500 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला वायू नळीतून सुसाट जातो. त्याला आडवं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि वीज त्या दोघांनाही काटकोनात निघते. म्हणून वायूला ‘प्रवाह’ आणि विजेला ‘धारा’ हे शेवटपर्यंत पाळा.

‘खंडित’ मात्र काढाच. वीजपुरवठा खंडित होतो तेच वाचकाला आठवेल. इथे इलेक्ट्रोड मुद्दाम तुकड्यातुकड्यांचे करतात, कारण हॉल परिणामामुळे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र धारेलाही बाजूला वळवतं म्हणून, वायूच्या दिशेनेही व्होल्टेज तयार होतं. एकच लांब पट्टी ठेवली तर ते तिच्यातच शॉर्ट होतं आणि वीज घटते. ‘विभागलेले इलेक्ट्रोड’ म्हणा. असे तुकडे केले की समोरासमोरच्या प्रत्येक जोडीला वेगळा लोड (वीज वापरणारं सर्किट) आला, आणि धारांचा हिशेब सांभाळणं आलं. तुकड्याच्या एका कडेला धारा दाटते. शेजारच्या दोन तुकड्यांतलं व्होल्टेज हाताबाहेर गेलं तर मधला इन्सुलेटर जळतो. त्यामुळे नियंत्रण म्हणजे इथे बंद-चालू नव्हे. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याची धारा ठरलेली ठेवायची आणि सगळ्यांची वीज एका जोडतारेवर आणायची, अशी दोन्ही कामं सर्किटला करावी लागतात.

आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) यांनी तिरुचिरापल्लीला 5 मेगावॉट औष्णिक क्षमतेचं प्रायोगिक संयंत्र उभारलं होतं. लेखात नसेल तर एक ओळ घाला.

नौपाडा, ठाणे: काका, आणि धनाग्र?

वाशी: तिथे फसाल. शाळेतल्या विद्युत अपघटनात अ‍ॅनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडतात, म्हणून तो धनाग्र. जनित्रात उलट आहे. वायूतले इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडवर गोळा होतात आणि तिथून लोडकडे निघतात, म्हणजे बाहेरून पाहिलं तर ते ऋण टोक. ‘धनाग्र ऋण असतो’ असं छापायचं का? अ‍ॅनोड, कॅथोड लिहा आणि मोकळ्या व्हा.

नौपाडा, ठाणे: मग वाक्य असं करते: ‘विभागलेल्या इलेक्ट्रोडमधील धारा काबूत ठेवल्या नाहीत, तर दोन तुकड्यांमध्ये ठिणगी पडते.’

रबाळे: ठिणगी नको हो ताई. ठिणगी उडते नि विझते. हा डीसी आहे, एसीसारखा करंट मधेमधे शून्यावर येत नाही. एकदा पेटला की पेटूनच राहतो आणि कडा खात बसतो. ‘आर्क’ लिहा.