मुलगा घरकामाच्या मावशींशिवाय कुणाशीच बोलत नाही, आणि त्या आता वेचणीला जाणार आहेत

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंतचे त्याचे मित्र ‘नीट’च्या शिकवणीसाठी नागपूर-अमरावतीला गेले, आणि इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात बहुतेकांचे प्रवेश नावापुरतेच असल्यामुळे हा दिवसभर घरी असतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, यजमानांचे कृषी केंद्र आहे. संध्याकाळशिवाय आम्ही दोघेही त्याच्या वाट्याला येत नाही. स्वयंपाकाला आणि घरकामाला येणाऱ्या मावशींशी मात्र तो मनमोकळे बोलतो. त्या भाकरी थापत असताना हा ओट्याजवळ लसूण सोलत बसतो, आणि आम्ही खोदून विचारले तरी जे सांगत नाही, ते त्यांना आपणहून सांगतो.

दिवाळीनंतर मावशी कापूस वेचायला जाणार आहेत, कारण किलोमागे मिळणारी मजुरी त्यांना आमच्या पगारापेक्षा परवडते. मुलगा म्हणतो, पगार वाढवा, पण त्यांना जाऊ देऊ नका. सासूबाई म्हणतात, कामाच्या बाईला इतके डोक्यावर बसवू नये. मी काय करावे?

उत्तर (हिंगणघाट)

माझी आई लोकांकडे धुणीभांडी करत असे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. एका घरची मुलगी तिच्याशी अशीच बोलत बसायची. आई घरी येऊन तिच्याविषयी काळजीने सांगायची, आणि त्या ऐकण्यापायी पुढच्या घरी उशीर झाला म्हणून बोलणीही खायची. आईची माया खरी होती. तिचा वेळ मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हता. वेचणीच्या हंगामात बाईच्या हातात रोख पैसा येतो, त्यावर मुलांची फी आणि किराण्याची उधारी भागते. तो सोडा असे सांगणे म्हणजे तुमच्या मुलाच्या एकटेपणाची किंमत त्यांच्याकडून वसूल करणे होय. पगार वाढवायचा असेल तर कामासाठी वाढवा, त्यांच्या जाण्या-न जाण्याशी त्याची गाठ घालू नका. मावशींना काय हवे, हे कुणी विचारले आहे का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच आले नाही.

उत्तर (निवृत्त शिक्षक, चंद्रपूर)

सासूबाईंचे ऐकून त्या दोघांत अंतर पाडू नका. सोळाव्या वर्षी मुलगा घरच्या कुणाशी नाही तरी एका जाणत्या माणसाशी बोलतो, ही जमेची बाजू आहे. दुखणे मावशींच्या जाण्यात नसून त्या ओस पडलेल्या महाविद्यालयात आहे. नागपूरला पाठवणे जमत नसेल तर त्याला तालुक्याच्या अभ्यासिकेत रोज जाऊ द्या, आणि यजमानांनी त्याला दुपारी दुकानात बसवावे. शेतकऱ्यांशी बोलता बोलता मुले बरीच मोकळी होतात. मात्र त्याची झोप, जेवण बिघडले किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा आली, तर वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

उत्तर (यवतमाळ)

थोडे व्यवहाराचे. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्यानुसार घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे आणि 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांना त्यात नोंदणी करता येते. त्यासाठी त्या तुमच्याकडे काम करतात, असे लेखी प्रमाणपत्र लागते. वेचणीला जाण्यापूर्वी ते देऊन टाका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘पोरगा बोलते तं माह्या बी जीवाले बरं वाटते, पण हंगाम नाही सोडत.’ प्रमाणपत्र आजच लिहून दिले. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते, तेव्हा दुपारी चक्कर मारीन, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्या दुपारचे पैसे द्यावेत, असे मला वाटते. मुलगा म्हणतो, पैसे दिले तर त्या दुखावतील. यजमान अजून काही बोललेले नाहीत.

उत्तर (हिंगणघाट)

पैसे देऊन पाहा. घ्यायचे की नाही, ते मावशी ठरवतील.