शब्दचर्चा : ‘ड्यून’मधल्या ‘मॉइश्चर’ला ओल म्हणावं का?

परभणी :
फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही इंग्रजी विज्ञान कादंबरी 1965 ची. 1966 चा ह्यूगो पुरस्कार तिला विभागून मिळाला आणि नेब्युला पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी कादंबरीचा मानही तिलाच. आपल्याकडचे वाचक तिच्याबद्दल दोनच गोष्टी बोलतात. एक, शंभर पानं झाली तरी डोक्यात काही उतरेना. दोन, पाण्याचा असा हिशोब कुठंच वाचला नव्हता. कथानकाची चर्चा इथं नको, प्रश्न मराठी अनुवादातल्या एकाच शब्दाचा आहे. कादंबरीतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहावरची माणसं भांड्यातल्या पाण्याला पाणीच म्हणतात. श्वासातून, घामातून, डोळ्यांतून जातं त्याला मात्र ‘मॉइश्चर’. मराठीत ‘आर्द्रता’ लिहिलं की आकाशवाणीवरचं हवामान ऐकल्यासारखं वाटतं. ‘ओलावा’ लिहिलं की भावगीत सुरू होतं. मग काय लिहावं?

सेलू :
ओल. दुसरा शब्द शोधायचीच गरज नाही. पाऊस पडून गेला की आपल्याकडं ‘किती मिलिमीटर’ हे नंतर विचारतात, आधी ‘ओल किती गेली?’ बोट, वीत, हात असं तिचं माप आहे. पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी विद्यापीठ सांगतं, त्याचंही कारण हेच. वरची चार बोटं भिजली आणि खाली कोरडंच राहिलं तर बी उगवतं आणि आठ दिवसांत मान टाकतं. म्हणजे ओल हे दिसणारं पाणी नव्हे, साठवलेलं आणि हळूहळू खर्च होणारं पाणी. अराकिसवरच्या माणसाच्या अंगातलं पाणी नेमकं तसंच आहे.

काही जण ‘वापसा’ सुचवायलेत. तो नको. वापसा ही मातीची अवस्था आहे: पाणी निचरून हवा खेळायला लागते, ढेकूळ हातात दाबलं तर फुटतं, चिकटत नाही. भारी काळ्या रानात त्याला चार-सहा दिवस लागतात. ‘वापसा आला’ म्हणतात, ‘वापसा गमावला’ असं कुणी म्हणत नाही.

बीड :
दादा, मातीपुरतं पटलं. पण ओल भिंतीला येते, रानाला असते. माणसाला? ‘त्याची ओल गेली’ म्हटलं तर वाचणारा बावचळेल.

अंबाजोगाई :
सर, उलट्या बाजूनं बघा. तहान लागली की घशाला काय पडते? कोरड. म्हणजे अंगाच्या बाबतीत अर्धी जोडी आधीच रूढ आहे, तिचा दुसरा अर्धा आपण वापरत नाही एवढंच. शेतात ती जोडी पुरी आहे: कोरडवाहू आणि ओलीत. दुष्काळसुद्धा आपल्याकडं दोन्ही प्रकारचा असतो, कोरडा आणि ओला.

आणि ‘आर्द्रता’ व ‘ओल’ हे परके नाहीत. प्राकृतात ‘आर्द्र’ची रूपं उल्ल, ओल्ल अशी होतात, हेमचंद्रानं व्याकरणात तशी नोंदवलीत. घराणं एकच. एक शाळेत गेला, एक रानात राहिला. हवेतल्या बाष्पाचं प्रमाण सांगायचं तिथं आर्द्रता राहू द्या, टक्क्यांत मोजायची गोष्ट आहे ती. अंगातल्याला ओल.

बीड :
कोरडीचा मुद्दा मान्य. तरी पहिल्यांदा येईल तिथं ‘अंगातली ओल’ असं पूर्ण लिहा. पुढं नुसतं ‘ओल’ चालेल.

नांदेड :
या शब्दाची खरी परीक्षा दोन प्रसंगांत आहे.

पहिला : स्टिलगार हा फ्रेमेन, म्हणजे तिथल्या वाळवंटी लोकांचा पुढारी, ग्रहाच्या नव्या सत्ताधीशासमोर, ड्यूकसमोर, मेजावर थुंकतो. सगळ्यांचे हात शस्त्राकडं जातात, मग कळतं की हा मान होता, अंगातली ओल समोर ठेवली. अनुवादक इथं घाबरून ‘लाळेचा थेंब अर्पिला’ असं काहीतरी लिहितात. तसं करू नये. ‘थुंकला’च लिहावं, वाचणाऱ्याला धक्का बसलाच पाहिजे. खुलासा येतो तिथं ‘ओल वाहिली’ म्हणावं. फूल वाहतो, बेल वाहतो, तसं.

दुसरा : जेमिस या फ्रेमेनच्या अंत्यविधीत ड्यूकचा मुलगा पॉल रडतो आणि भोवतालचे लोक थक्क होऊन म्हणतात की हा मेलेल्याला मॉइश्चर देतोय. इथं ‘मेलेल्याला पाणी देतोय’ असं लिहिलं की सगळं बिघडतं. आपल्याकडं मेलेल्याला पाणी देणं हा रिवाजच आहे, तिलांजली प्रत्येक घरात होते. त्यात थक्क होण्यासारखं काय? ‘पाणी सोडलं’ तर त्याहून वाईट, त्याचा अर्थ आशा सोडली. ‘मेलेल्याला ओल दिली’ हे मराठीत कुणी कधी बोललेलं नाही, आणि म्हणूनच तिथं ते बसतं. त्याच विधीत जेमिसच्या देहातलं पाणी मोजून सांगतात: 33 लिटर आणि वर काही ड्राम. आकडा हवेतला नाही. 55 किलोच्या सडपातळ माणसात साठ टक्के पाणी धरलं तर 33 लिटरच येतात. विधीत ‘पाणी’ आणि ‘ओल’ हे दोन शब्द वेगळे राहिले तरच हा हिशोब कळतो: देहातून काढलं ते पाणी, डोळ्यांतून गेलं ती ओल.

परभणी :
हे कळीचं आहे. ओल नक्की करतो. आता पुढची अडचण, ‘स्टिलसूट’, म्हणजे अंगातली ओल परत मिळवणारा पोशाख. दोन ठिकाणी ‘स्थिरवेश’ असं वाचण्यात आलं.

लातूर :
‘स्थिर’ चुकलं. हा ‘स्टिल’ म्हणजे अर्क काढायचं यंत्र. पोशाखाचं काम पुस्तकात बरंच नेमकं दिलंय. कातडीला लागून असतो तो थर सच्छिद्र, घाम त्यातून आत जातो. पुढच्या दोन थरांत उष्णता वाहून नेणारे तंतू आणि मीठ वेगळं करणारी रचना. मलमूत्र मांडीवरच्या गाद्यांत शुद्ध होतं. पाणी खिशांत जमतं, तिथून नळीनं प्यायचं. उपसायला वेगळा पंप नाही, चालणं आणि श्वास यांचाच जोर. श्वास आत तोंडावरच्या गाळणीतून, बाहेर नाकातल्या नळीतून. नीट बसला तर दिवसाला शिंप्याच्या अंगुस्तान्याएवढी ओल जाते. गळ्याशी किंवा कपाळाशी सैल राहिला की सगळं मुसळ केरात.

मराठीत यासाठी क्रियापद तयार आहे: गाळणे. पाणी गाळतात आणि दारूही गाळतात, म्हणजे चाळणं आणि भट्टी लावणं दोन्ही त्यात आलं. अंगी हा कपड्यासाठी आपल्याकडचा साधा शब्द. ‘गाळअंगी’ कसं वाटतं?

बीड :
‘गाळ’ म्हटलं की धरणातला गाळ दिसतो हो. ‘गाळणअंगी’ करा.

लातूर :
करा. जाता जाता भौतिकशास्त्राचं एक. एक लिटर घाम उडाला की अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम पोशाखात परत पाणी झाला की ती सगळी उष्णता तिथंच परत येते. ती बाहेर टाकायची सोय नसेल तर माणूस शिजेल. लेखकानं उष्णता वाहणारे तंतू घातलेत, पण बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असताना उष्णता टाकायची कुठं, ते सांगितलेलं नाही. म्हणून ‘घाम जिरवणारा’ असलं वर्णन टाळा. जिरवणं सोपं आहे, त्रास त्याच्यानंतर आहे.

छत्रपती संभाजीनगर :
तुम्ही अवघड शब्दांच्या मागं लागलात, पण फसवतात ते ओळखीचे शब्द. हर्बर्टनं अरबी-फारसीतून भरपूर उचललंय आणि निजामी अंमलामुळं ते आपल्या कानाला आधीच ओळखीचे आहेत.

‘नायब’ बघा. पुस्तकात तो टोळीचा मुख्य, शत्रूच्या हाती जिवंत न सापडण्याची शपथ घेतलेला. आपल्याकडं नायब म्हटलं की नायब तहसीलदार, म्हणजे साहेबाच्या हाताखालचा! अरबीतही मूळ अर्थ प्रतिनिधी, दुय्यम असाच आहे. इथं ‘नाईक’ किंवा ‘म्होरक्या’ लिहिलेलं बरं. ‘बुरका’ म्हणजे वाळवंटातली उष्णतारोधक शाल, पुरुषही घेतात, पण ‘बुरखा’ लिहिलं की चित्र बदललं. ‘जुब्बा’ अंगावरचा झगा असून त्याची निजायची झोळी किंवा आडोसाही होतो, आपला जुब्बा कार्यकर्त्याचा. ‘फेदायकिन’ म्हणजे जिवावर उदार झालेले लढवय्ये, आणि मराठीत फिदा होतात ते नटीवर. ‘पादिशाह’ला मात्र हात लावू नका, ‘पातशहा’ बखरींतून आयता मिळतो.

सगळ्यांत मोठा घोळ ‘कनात’चा. आपल्याकडं कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. पुस्तकामागच्या शब्दसूचीत कनात म्हणजे वाळवंटातून पाणी नेणारा उघडा कालवा. आणि इराणात प्रत्यक्षात कनात असते जमिनीखाली: डोंगरपायथ्याच्या पाणथरापासून किंचित उतारानं खणलेलं भुयार, ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या उभ्या विहिरी. जमिनीखाली ठेवण्याचं मुख्य कारण उन्हानं पाणी उडू नये हेच, मग पाण्याला जीव टाकणाऱ्या ग्रहावर ती उघडी कशी? लेखकाची चूक की मुद्दाम, यावर वाद घाला. मराठीत शब्द ‘नहर’ घ्या. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आमचं आताचं संभाजीनगर, वसवल्यावर जमिनीखालून पाणी आणलं ती ‘नहर-ए-अंबरी’ इथंच आहे. फक्त पुस्तकातली उघडी असल्यानं पहिल्या वेळी ‘उघडी नहर’ लिहा.

परभणी :
आणि ‘विंडट्रॅप’, ‘ड्यू कलेक्टर’?

सेलू :
‘दंव पडतं’ असं आपण म्हणतो, पण ते वरून पडत नसतं, गार वस्तूवर धरतं. काचेला पाणी धरतं तसं. म्हणून ‘दंवधर’. पुस्तकातली ती चार सेंटिमीटरची अंड्यासारखी वस्तू आहे, उजेडात पांढरी होते, अंधारात पारदर्शक. रोपाच्या खळग्यात मांडतात. आपल्याकडची जवळची गोष्ट म्हणजे हरभऱ्याची आंब. रात्री पिकावर स्वच्छ धडपं पसरायचं, पहाटे पिळून घ्यायचं. फरक एवढाच की आंबेत पानांवरची आम्लं उतरतात, ती प्यायला नाही, औषधाला.

विंडट्रॅपला ‘वाऱ्याचा सापळा’ नको, त्यात उंदीर दिसतो. काम हवा एकदम गार करून पाणी सोडवायचं. मे महिन्यात 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण 13 अंशांवर येतो. पृष्ठभाग त्याखाली नेल्याशिवाय एक थेंब धरणार नाही. म्हणून तर उन्हाळ्यात दंव नसतं. ‘वाराधर’ म्हणा.

औसा :
‘स्पाइस’ला, म्हणजे अराकिसवर मिळणाऱ्या त्या मोलाच्या द्रव्याला, मसालाच ठेवा. काही जण ‘संजीवक द्रव्य’ करायलेत, ते फार गोड होतं. मूळ शब्दही स्वयंपाकघरातलाच आहे. शिवाय मसाला म्हणजे नुसता येसर नव्हे, गवंडी विटांना लावतो तोही मसालाच.

उरला ‘लिटरजॉन’, एक लिटरचं, न फुटणारं, घट्ट बंद होणारं पाण्याचं भांडं. यासाठी फिरकीचा तांब्या हा शब्द आहे की.

बीड :
फिरकीचा तांब्या पितळेचा, आणि आटे झिजले की आडवा ठेवल्यावर पाझरतो. लिटरजॉन पाझरला तर त्या पुस्तकात खून पडेल.

औसा :
मग नवी फिरकी समजा.