उबुंटू २४.०४ वर गेल्यावर वायफायचा पर्यायच गायब

सुतळी:
लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) २२.०४ होतं, ते २४.०४ केलं. त्याच दिवशी बायोसही अपडेट केलं. आता सेटिंग्जमध्ये वायफाय अडॅप्टर सापडत नाही असं येतं. कार्ड ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५. 'आरएफकिल लिस्ट'मध्ये (वायरलेस उपकरणं दाखवणारी कमांड) वायफायची नोंदच नाही. लॅपटॉपला केबलचं पोर्ट नाही. सगळं नव्याने न टाकता हे सुटेल का?

ओसरी:
सुटेल. नव्याने टाकलंत तरी हाच ड्रायव्हर परत बसवावा लागेल.

या कार्डाचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) येत नाही. 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' हे पॅकेज डीकेएमएसच्या (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा तयार करणारी यंत्रणा) मदतीने तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी कंपाइल करतं. त्या कर्नलचे हेडर (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) नसले की ते काम अडतं. 'बी४३' या दुसऱ्या ब्रॉडकॉम ड्रायव्हरचं फर्मवेअर टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल, पण बी४३ ही चिप चालवत नाही. त्यात वेळ घालवू नका.

नेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबुंटूला ते वायरचं कनेक्शन वाटतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटा पॅकही खर्च होत नाही.

मग (कमांड रोमन लहान अक्षरांत टाकायच्या):
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक
सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

त्यानंतर 'डीकेएमएस स्टेटस' बघा. चालू कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' हवं. नुसतं 'अॅडेड' असेल तर कंपाइल झालेलंच नाही. शेवटी ड्रायव्हर चालू करायला 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' चालवा आणि त्याचं उत्तर इथे जसंच्या तसं टाका.

सुतळी:
स्टेटस 'इन्स्टॉल्ड' आहे. मॉडप्रोब म्हणतं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

ओसरी:
मग अडचण सिक्युअर बूटची (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सुरक्षा) आहे. बायोस अपडेट झालं की काही वेळा सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि बंद असलेलं सिक्युअर बूट चालू होतं. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट'ने खात्री करा. ते चालू असताना ओळखीच्या किल्लीने सही न केलेलं मॉड्यूल (इथे आपला ड्रायव्हर) कर्नल आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हरवर ज्या किल्लीने सही झाली तिची (एमओके) नोंद करायची:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

शेवटच्या फाइलच्या नावात 'एमओके' तेवढं मोठ्या अक्षरांत. ही कमांड पासवर्ड मागेल. तो एकदाच लागतो. आठ आकडे पुरेत. चिन्हं टाळा, कारण पुढच्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीस्टार्ट केल्यावर तो पडदा येतो. दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबा, नाहीतर मशीन तशीच पुढे सुरू होते आणि इम्पोर्ट परत करावं लागतं. इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट' या क्रमाने जा.

बायोसमधून सिक्युअर बूट बंद करूनही भागतं. पण शेजारी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) लावलेलं विंडोज असेल तर ते रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सुतळी:
एनरोल झालं, वायफाय दिसू लागलं. पण राउटरच्या दोन नेटवर्कांपैकी एकच यादीत येतं, आणि दर थोड्या वेळाने तुटतं.

ध्रुव२७:
ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिला कधीच दिसणार नाही. राउटरवर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूएल जोडलाच जात नाही.

तुटण्यामागे बहुधा वीजबचत असते. '/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी' मध्ये 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ' ही फाइल आहे (नेटवर्कमॅनेजरमधले एन आणि एम मोठे). तिच्यात 'वायफाय.पॉवरसेव्ह = ३' आहे, तिथे २ करा आणि 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर' चालवा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल.