मदत हवी आहे: सॅम्पल परवाच्या गाडीने द्यायचंय, किती वाळवायचं?

कृष्णाकाठ_चिकोडी: परवा गावातली गाडी धारवाडला चाललीय, तिच्यात कृषी विद्यापीठाच्या लॅबला सॅम्पल द्यायचंय. काढून ठेवलंय, पण ओलसर आहे. उन्हात टाकलं तर चालतंय का? लवकर सांगा, पाल्हाळ नको.

निपाणीकर: कशाचं सॅम्पल? माती, पाणी, पान?

कृष्णाकाठ_चिकोडी: मातीचं हो. दुसरं काय असणार!

अथणी_द्राक्ष: मातीपेक्षा द्राक्षाच्या पानाचे देठ तपासा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे. पातं लगेच काढून टाकायचं. मांजरीला पाठवा.

निपाणीकर: चिकोडी तालुक्यातल्या मांजरीत लॅब कधी झाली?

अथणी_द्राक्ष: पुण्याजवळची मांजरी हो! द्राक्ष संशोधन केंद्र.

कृष्णाकाठ_चिकोडी: माझा ऊस आहे.

माती_तपासनीस: उन्हात नको. सावलीत स्वच्छ कागदावर पसरा, ढेकळं फोडा. पण आधी सांगा, तपासायचंय कशासाठी? किती खोलीवरची? खत कधी दिलं? पिशवी कसली?

कृष्णाकाठ_चिकोडी: परीक्षा घेताय काय? ऊस तुटून गेला. खालच्या पाऊण एकरात मातीवर पांढरं फुटलंय, तिथं फुटवाच नाही. वरची सव्वा एकर चांगली आहे. खोडवा (त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक) ठेवायचा का मोडायचा, तेवढं कळायला पाहिजे. खत अजून टाकलं नाही. वरची-खालची माती मिळून एक पुडी केलीय, युरियाच्या पोत्याच्या तुकड्यात बांधलीय.

जीवामृत_खानापूर: लॅबला पैसे कशाला घालता? देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. दोन हंगामात जमीन लोण्यासारखी.

सदलगा_ऊस: जिप्सम टाका, विषय संपला. आमच्या पाव्हण्यांनी टाकलं, फरक पडला.

माती_तपासनीस: थांबा जरा. जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांहून जास्त असेल तर. सामू ८.५ च्या आत, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ४ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर ती खारवट. तिला चर काढून, चांगलं पाणी देऊन क्षार धुवून काढावे लागतात. जिप्समनं तिथं काही होत नाही. पांढरं दिसतंय एवढ्यावरून ठरवू नका.

सदलगा_ऊस: पाव्हण्यांच्या शेतात फरक पडला तो काय खोटा?

माती_तपासनीस: त्यांची जमीन चोपण असेल. यांची कुठली, हे कळायलाच तपासणी करायची.

दत्तवाड_काका: तपासनीस बरोबर बोलतोय. आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी निचरायला जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले तेव्हा कुठं जमिनी परत पिकायला लागल्या. पण उतार आणि पाणी सोडायला नाला पाहिजे. तुमच्याकडं नाला आहे का?

कृष्णाकाठ_चिकोडी: आहे. पण माझी पुडी चालतंय का नाही, एवढंच विचारलंय मी.

माती_तपासनीस: नाही चालत. चांगली आणि खराब माती मिसळली की आकडे दोन्हींच्या मधले येतात, त्यावरून कुठल्याच तुकड्याचं कळत नाही. शिवाय युरियाच्या पोत्यातलं नत्र मातीला लागतं. वरच्या शेताचं वेगळं, पांढऱ्या भागाचं वेगळं. पांढऱ्यात थर वेगळे: ०-१५, १५-३०, ३०-६०, ६०-९० सेंटीमीटर. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा सोडा. प्रत्येक थराची माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. कापडी पिशवी. नाव, गाव, सर्व्हे नंबर, खोली चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. शाईचं ओलीनं पसरतं.

निपाणीकर: आणि विहिरीचं पाणीही द्या. पंप थोडा वेळ चालवून, बाटली त्याच पाण्यानं विसळून भरायची. तंबाखूवाले आम्ही क्लोराईडला फार भितो, ते जास्त झालं की पान नीट जळत नाही.

जीवामृत_खानापूर: तंबाखू सोडा, तब्येत सुधारेल.

निपाणीकर: सल्ला विचारला होता का?

कृष्णाकाठ_चिकोडी: फॉर्म कन्नडात आहे, तो कोण भरणार? आणि ९० सेंटीमीटर कुदळीनं कोण खणणार?

माती_तपासनीस: फॉर्म पोराला भरायला सांगा, शाळेत कन्नड शिकतोच की. आणि लोह-जस्त तपासायचं असेल तर गंजकी कुदळ नको.

दत्तवाड_काका: माझ्याकडं ऑगर आहे, खोलवरची माती काढायचा गिरमिट. सदलग्यावरून या, घेऊन जा. पण आज रात्री सांगा, उद्या सकाळी मी बाजाराला जाणार.

कृष्णाकाठ_चिकोडी: किती वाजेपर्यंत घरी असता?